धूळ शेवटी जाते कोठे?

दिवाळीच्या आधी घरोघर जी झाडलोट होते, तिच्यात एक दृश्य हमखास दिसते. डोक्याला फडके गुंडाळून आणि नाकातोंडावर पदर ओढून घरातील बाई माळ्यावरची जळमटे काढीत असते. कुंच्याच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी धूळ उठते, उन्हाच्या तिरिपेत क्षणभर तरंगते आणि घटकाभराने पुन्हा त्याच फळीवर येऊन बसते. सगळीच धूळ मात्र परत येत नाही. तिचा काही भाग झाडणाराच्या श्वासावाटे त्याच्या छातीत गेलेला असतो. उन्हाळ्यात माळव्यात उडणारी कोरडी धूळ असो, की गोव्याकडील तांबड्या मातीची चिकट पूड असो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

महाराष्ट्रीय घरांत केरसुणीला लक्ष्मी मानतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. हा मान तिला शोभतोही. तिला वीज लागत नाही, तिचा आवाज होत नाही आणि फरशीवरचा केर ती क्षणात गोळा करते. तथापि तिची एक मर्यादा आहे. ती धूळ हलविते, पण कोंडून ठेवीत नाही. जाड केर केरभरणीत येतो. बारीक धूळ हवेत जाते. ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन देऊन व्हॅक्यूम क्लीनर जन्मास आला. त्याचेच एक लहान भावंड म्हणजे हातात धरून चालविण्याचा, वायरीने विजेच्या खुंटीला जोडलेला छोटा व्हॅक्यूम क्लीनर. त्याची रचना कोठे साधली आहे आणि कोठे फसली आहे, हे पाहण्याचा या भाषणाचा उद्देश आहे. त्यासाठी कसोटी एकच धरावयाची: हे यंत्र उचललेली धूळ शेवटी कोठे नेऊन ठेवते?

या यंत्राची जन्मकथा या प्रश्नापासूनच सुरू होते. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या स्थापत्यविशारदाने सफाईच्या एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र जोराचा वारा सोडून धूळ उडवून लावीत असे. उडालेली धूळ अर्थातच पुन्हा आजूबाजूला बसे. फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेऊ नये, असा विचार बूथच्या मनात आला. त्याने एका उपाहारगृहातील मखमली खुर्चीवर रुमाल पसरला आणि त्यावर तोंड टेकून जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस काळा डाग उमटला. कल्पना खरी ठरली. मग त्याने जे यंत्र बांधले ते एवढे अवजड होते की घोडे जोडून ते रस्त्यावर उभे करावे लागे आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. 1902 साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले.

यंत्र माणसाच्या हातात आणण्याचे काम मात्र एका झाडूवाल्याने केले. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन या गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा मनुष्य एका मोठ्या दुकानात झाडलोटीच्या कामावर होता. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव कासावीस होई. 1907 साली त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा अशा मिळेल त्या वस्तू जोडून स्वतःपुरते एक यंत्र तयार केले. 1908 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि ते हक्क त्याने हूव्हर या चामड्याच्या मालाच्या कारखानदाराला विकले. हूव्हरचे नाव पुढे जगभर झाले. इंग्लंडात तर ते घर साफ करण्याच्या क्रियेलाच चिकटले. स्पँगलरचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु या यंत्राची परीक्षा करणाराने त्याला विसरू नये. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा हा त्याच्या यंत्राचा मूळ हेतू नव्हता. झाडणाराला श्वास घेता यावा, एवढाच हेतू होता.

या मोठ्या यंत्रापासून हातात मावणारी छोटी यंत्रे निघाली. त्यांच्या दोन शाखा प्रसिद्ध आहेत. 1979 साली ब्लॅक अँड डेकर या कंपनीने बॅटरीवर चालणारे, भिंतीला टांगून ठेवण्याचे ‘डस्टबस्टर’ बाजारात आणले. 1984 साली अमेरिकेतीलच रॉयल या कंपनीने लालभडक रंगाचे ‘डर्ट डेव्हिल’ आणले. ते वायरीचे होते आणि त्याच्या तोंडाशी फिरता ब्रश होता. आज भारतातील दुकानांतही या दोन्ही शाखांचे वंशज निरनिराळ्या नावांनी मांडलेले दिसतात. ग्राहक बहुधा बिनवायरीच्या यंत्राकडे प्रथम वळतो, कारण वायर म्हणजे अडचण ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकवावे लागेल.

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः धूळ ढकलली जाते, आणि ढकलणारी असते बाहेरची हवा. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. यंत्रातील पंखा मिनिटाला वीस हजारांहून अधिक वेळा फिरतो आणि आतील दाब थोडा कमी करतो. चांगल्या छोट्या यंत्रात तो 10 ते 15 टक्क्यांनी उतरतो. एवढा फरक पुरेसा होतो. बाहेरची हवा तोंडातून आत घुसते आणि वाटेतील धूळ आपल्याबरोबर घेऊन जाते. धूळ गाळणीपाशी अडते, हवा गाळणीतून पार होते, पंख्यातून जाते, मोटारीवरून वाहत तिला थंड करते आणि मागच्या जाळीतून बाहेर पडते. तोंड, धूळपात्र, गाळणी, पंखा, मोटार आणि जाळी या सहा टप्प्यांतच या यंत्राचे सारे गुणदोष सामावलेले आहेत.

प्रथम गुण पाहू. पहिला गुण, आश्चर्य वाटेल, पण वायर हाच होय. बॅटरीवरच्या छोट्या यंत्राला जवळ बाळगलेल्या मोजक्या विजेवर भागवावे लागते. पुष्कळदा दहा-वीस मिनिटांत त्याचा दम संपतो, आणि काही वर्षांनी बॅटरी म्हातारी झाली की तेवढाही दम राहत नाही. बॅटरी बदलून मिळाली नाही तर चांगले यंत्र केवळ तिच्यामुळे अडगळीत जाते. वायरीच्या यंत्राला ही चिंता नाही. त्याची ताकद पहिल्या मिनिटाला जेवढी, तेवढीच अर्ध्या तासाने. वजनदार बॅटरी नसल्यामुळे त्याच वजनात अधिक जोरकस मोटार बसविता येते. आठशे वॉटचे यंत्र घरगुती विजेवर साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. म्हणजे दिव्यापंख्याच्या साध्या खुंटीवरही ते चालू शकते. मात्र जुन्या वाड्यातील लाकडी पट्टीतून गेलेली वायरिंग आधी तपासून घ्यावी, हे सांगितले पाहिजे.

दुसरा गुण त्याच्या निमुळत्या तोंडात आहे. तीच हवा अरुंद वाटेने जाऊ लागली की तिचा वेग वाढतो, हे नदीच्या घळीकडे पाहिलेल्या कोणासही ठाऊक असते. म्हणूनच चपटी नळी लावलेले हे छोटे यंत्र पुस्तकांच्या कपाटाची फट, खिडकीची पन्हळ, शिवणयंत्राच्या पट्टीखालची लव, पेटीच्या पट्ट्यांमधली खोबण, मोटारीच्या दोन आसनांमधली चीर अशा सांदीकोपऱ्यांत सहज काम करते. तेथे केरसुणी जात नाही आणि ओले फडके पोचत नाही. खोलीभर फरशी झाडण्यास मात्र ते कुचकामाचे आहे. तसे करू पाहणारास कंबर मोडून ओणवे व्हावे लागते आणि कामही अर्धवट राहते. यंत्राचा हा दोष नव्हे. सुईकडून कुऱ्हाडीचे काम घेऊ नये, इतकेच.

तिसरा गुण सुरक्षिततेचा आहे. या यंत्रांपैकी पुष्कळांच्या अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. विजेच्या भागांभोवती रोधनाचे दोन थर आहेत असा तिचा अर्थ होय. म्हणूनच अशा यंत्रांना जमिनीच्या तारेची तिसरी पिन नसते. परंतु ही खूण म्हणजे पाण्यापासून संरक्षण नव्हे. केवळ कोरड्या धुळीसाठी असलेल्या यंत्राने सांडलेले पाणी ओढले तर ते पाणी हवेच्याच वाटेने मोटारीपर्यंत पोचते.

आता दोष. त्यांतील काही केवळ गैरसोयीचे आहेत. वायर बहुधा चारपाच मीटरच असते, त्यामुळे जिन्याच्या अर्ध्यावरच हात अडतो. वायर गुंडाळण्यासाठी अंगावर साधी खुंटीसुद्धा पुष्कळदा नसते. मग मालक ती यंत्राभोवतीच आवळून बांधतो आणि वायर जेथे आत शिरते तेथे रोज एकच वाकण पडते. त्या जागी रबराची लवचिक मान असली पाहिजे. ती आखूड किंवा कडक असली तर वायर आतून तुटते आणि सारे यंत्र बिघडले असा समज होतो. मोटार अगदी मागे आणि मूठ पुढे असली की मनगटावर ताण येतो. दीडएक किलोचे यंत्र कपाटाच्या वरच्या फळीकडे पाच मिनिटे धरून पाहिले की मुठीची जागा ठरविताना आखणाऱ्याने स्वतः हात उचलून पाहिला होता की नाही, ते कळते.

आवाजाचा दोष तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तोंडात कागद अडकला किंवा गाळणी तुंबली की यंत्राचा सूर चढतो. यंत्र आता अधिक जोराने काम करीत आहे, असे ऐकणाराला वाटते. वस्तुस्थिती उलट असते. हवाच येत नसल्यामुळे पंख्याला काही वाहून न्यावयाचे नसते, म्हणून तो मोकाट फिरतो. आणि थंड करणारी हवा न मिळाल्यामुळे मोटार तापू लागते. चढलेला सूर ही शाबासकी नसून तक्रार आहे, हे ओळखून बटन ताबडतोब बंद करावे. असे न केल्यामुळे अनेक यंत्रे अकाली जळतात.

याहून गंभीर दोष गाळणीचा आहे. छोट्या यंत्रात जागा थोडी, म्हणून गाळणीही लहान. मूठभर बारीक पुडीने ती भरते आणि ओढ निम्म्यावर येते. दिवाळीनंतर अंगणातील रांगोळी या यंत्राने उचलू पाहणारांना हा अनुभव आलेला असेल. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची पूड. ती कापडाची छिद्रे बुजविते. शाळेतील फळ्याखालची खडूची पूड तेच करते. उलट नाताळच्या गोठ्यातील गवताचे तूस, केस, पावाचा चुरा ही या यंत्राची सोपी शिकार होय. जे डोळ्यांना दिसते ते त्याला सहज उचलता येते. जे दिसत नाही तेथे त्याची परीक्षा असते.

गाळणी धुता येते असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ती पूर्ण वाळल्यावाचून परत बसवू नये, हे बारीक अक्षरांत असते. इंदूर-हैदराबादच्या मेमध्ये ती दुपारभरात वाळेल. गोव्यातील किंवा बेळगावच्या बाजूच्या आषाढात दोन-दोन दिवस ओलीच राहील. ओल्या गाळणीवर धूळ बसली की चिखल होतो, बुरशी धरते, आणि मग यंत्र सुरू करताच कुबट वास खोलीभर पसरतो. यावर उपाय अगदी सोपा आहे. यंत्राबरोबर दुसरी गाळणी द्यावी. एक वाळत असताना दुसरी कामात राहील. पण हा लहानसा खर्च अनेक कारखानदार वाचवितात, आणि ज्या प्रदेशात चार महिने पाऊस पडतो त्या प्रदेशाचा विचार आराखड्यात झालेला नसतो.

आता मूळ कसोटीकडे येऊ. आत गेलेली धूळ शेवटी कोठे जाते? तिच्या निसटण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट तोंडाची. बटन बंद करून यंत्र खाली झुकविले की गोळा केलेला केर तोंडातूनच गळतो. पात्राच्या वाटेवर रबराची एक झडप असली की हे टळते. काही यंत्रांत ती असते, काहींत नसते. दुसरी वाट मागच्या जाळीची. गाळणीचे कापड कितीही चांगले असले, तरी तिची कड धूळपात्राशी घट्ट बसत नसेल तर हवा त्या फटीतून पळते आणि बारीक धूळ तिच्याबरोबर बाहेर पडते. ‘हेपा’ नावाची उत्तम गाळणी अमेरिकन मानकाप्रमाणे 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडविते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून या सूक्ष्मतेची कल्पना येईल. परंतु दाराला भक्कम कुलूप लावून खिडकी उघडी ठेवावी, तशी कडेला फट असलेल्या गाळणीची गत होते. त्यातही जाळीचे तोंड बाजूला किंवा खाली वळलेले असले तर बाहेर पडणारा झोत समोरची न उचललेली धूळच उडवून देतो. बूथने 1901 साली ज्या चुकीकडे पाहून विचार केला, तीच चूक अशी मागच्या दाराने परत येते.

तिसरी वाट सर्वांत घातक, आणि तिचाच विचार सर्वांत कमी केला जातो. ती म्हणजे पात्र रिकामे करण्याची वेळ. इतका वेळ प्रामाणिकपणे साठविलेली धूळ माणूस केराच्या डब्यावर उलटी करतो, गाळणी बोटांनी उपसतो, काठावर आपटतो. आणि साऱ्या खोलीत विखुरलेली जी धूळ थोडीथोडी नाकात गेली असती, ती एकदम एका ढगाच्या रूपाने तोंडावर येते. गादीवरील धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कीटक असतात. माणसाच्या कातडीचे गळालेले कण खाऊन ते जगतात. त्यांच्या विष्ठेमुळे पुष्कळांना शिंका, खाज आणि दमा यांचा त्रास होतो. गादी यंत्राने साफ करावी, गादीला कडक ऊन दाखवावे, चादरी ऊन पाण्यात धुवाव्यात, हे सारे योग्यच. पण तीच धूळ शेवटी मोरीपाशी वाकलेल्या बाईच्या श्वासात जाणार असेल, तर घरातील दम्याचा रोगी वाचला आणि घरकाम करणारी बाई आजारी पडली, असा व्यवहार होईल. कित्येक घरांत तर या दोन व्यक्ती एकच असतात.

हा दोष अटळ नाही. ज्या यंत्रात पात्राच्या तळाचे झाकण एका कळीने उघडते आणि गाळणीला हात न लावता केर खाली पडतो, त्यात हा त्रास पुष्कळ कमी होतो. जुन्या पद्धतीच्या कागदी पिशव्या याबाबतीत श्रेष्ठच होत्या. पिशवी तोंड बंद करून जशीच्या तशी टाकता येई. पारदर्शक धूळपात्राची मोहिनी जेम्स डायसन यांनी 1993 साली बाजारात आणलेल्या यंत्रापासून विशेष वाढली. हवेला भोवऱ्यासारखी फिरवून धूळ बाजूला फेकण्याची त्यांची युक्ती साधण्यास त्यांना 5,127 नमुने करावे लागले. त्या परिश्रमांचे फळ खरे आहे. परंतु पुष्कळशा छोट्या यंत्रांनी त्यातील पारदर्शकता तेवढी घेतली. गोळा झालेली धूळ दिसते, मालकाला समाधान वाटते, आणि ती हात न माखता टाकावी कशी याचा विचार मागे राहतो.

तेव्हा असे यंत्र घेणाराने दुकानात काय पाहावे? वॉटचा आकडा पाहून भुलू नये. वॉट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचा हिशेब. ते किती धूळ उचलते याचा नव्हे. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरच्या विजेवर 2014 साली 1,600 वॉटची आणि 2017 साली 900 वॉटची मर्यादा घातली. तरी तेथील घरे अस्वच्छ झाली नाहीत, कारण कारखानदारांना तोंडाची, वाटेची आणि पंख्याची रचना सुधारावी लागली. म्हणून यंत्र हातात घ्यावे, खांद्याच्या उंचीवर थोडा वेळ धरून पाहावे. वायरीची मान वाकवून पाहावी. गाळणी काढून पुन्हा बसवावी आणि तिच्या कडेला रबराची पट्टी आहे की नाही ते बोटाने चाचपावे. मागच्या जाळीचा झोत कोणत्या बाजूला जातो ते तळहाताने अजमावावे. सुटी गाळणी मिळते काय, हे विक्रेत्याला विचारावे. आणि सर्वांत शेवटी धूळपात्र उघडून, ते रिकामे करावयाचे आहे अशी कल्पना करून पाहावे. त्या वेळी बोटे धुळीत जात असतील आणि तोंड पात्रावर वाकत असेल, तर ते यंत्र खाली ठेवून दुसरे मागावे.

घरी आणल्यावर एक शिस्त पाळावी. पात्र प्रत्येक वेळी, वायर खुंटीवरून काढून, घराबाहेर किंवा मोकळ्या गॅलरीत, वाऱ्याकडे पाठ करून, नाकावर फडके बांधून रिकामे करावे. ओलसर जुन्या वर्तमानपत्रात केर गुंडाळून टाकला तर धूळ उडत नाही. उदबत्तीची किंवा चुलीची गरम राख कधीही ओढू नये. तिच्यातील एखादी ठिणगी गाळणीला पेटवू शकते. आणि हे काम नेहमी दुसऱ्यावर न सोपविता घरातील प्रत्येकाने, पुरुषांनीही, आलटून पालटून करावे. पात्र स्वतः रिकामे केल्यावाचून या यंत्राच्या गुणदोषांचे खरे ज्ञान होत नाही.

कँटनच्या त्या झाडूवाल्याने उशीचा अभ्रा यंत्राला बांधला, तेव्हा त्याच्या मनात धूळ आपल्या छातीत जाऊ नये एवढीच इच्छा होती. त्याला एका शतकाहून अधिक काळ लोटला. यंत्र लहान झाले, हलके झाले, रंगीत झाले. वायर लांब असावी, मूठ सोयीची असावी, आवाज कमी असावा, या साऱ्या अपेक्षा रास्तच आहेत. पण घरात असे यंत्र येईल त्या दिवशी ते कोणाच्या हाती दिले जाणार आणि त्याचे पात्र कोण रिकामे करणार, हे आधी ठरवावे, आणि निवड करताना त्या व्यक्तीला दुकानात बरोबर न्यावे.